परातीतल्या लाट्या

निवृत्त झाल्यावर माणसं देवाधर्माला लागतात. गणिताचे अनंत मास्तर भंगाराला लागले. एक मलकापूरहून, दोन एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून, तीन शाळेच्या अडगळीतून, असे सहा जुने कॉम्प्युटर त्यांनी बुलढाण्याच्या घरी आणले आणि तारांनी जोडून एकाच कामाला जुंपले. त्यांतल्या सर्वांत जुन्याला घरात सगळे म्हातारा म्हणत.

आज त्या सहाजणांची परीक्षा होती. लेक रेवतीची छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म पाचच्या आत पुण्याच्या स्टुडिओला पोचली तरच तिला नोकरी मिळणार होती. फिल्ममधली सगळी चित्रं तयार करायला तिच्या एकट्या लॅपटॉपला दोन दिवस लागले असते. "चार तासात करून देतो," असं छातीठोकपणे सांगून मास्तरांनी सकाळी अकराला सहाशे चित्रं वाटली. प्रत्येकाला शंभर. मास्तरांचा न्याय तो!

तीन वाजता पाच कॉम्प्युटर काम उरकून स्वस्थ बसले होते. म्हाताऱ्याची जेमतेम तीस झाली होती. एका चित्राला आठ मिनिटं! उरलेल्या सत्तरांना मध्यरात्र उलटली असती. रेवतीचा चेहरा उतरला आणि मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"याले बंदच करतो," ते म्हाताऱ्यावर खेकसले.

मागच्या अंगणात मास्तरांच्या पत्नी सुलभाताई शेजारच्या वच्छलाबाई आणि पूनमबरोबर पापड लाटत होत्या. आरडाओरडा ऐकून सुलभाताई पिठाच्या हातांनीच आत आल्या. काय झालं ते रेवतीने सांगितलं.

"सगळ्याइले सारखं काऊन वाटलं हो तुम्ही? वच्छलाबाईचा एक होते तोवर पूनमचे तीन होतात. आम्ही वाटण्या करतो का? लाट्या परातीत ठेवतो. ज्याचा पापड झाला, त्यानं पुढची उचलावी. म्हातारीले कोनी उठवत नाही."

तीस वर्षं भागाकार शिकवलेल्या माणसाने खुर्ची ओढली. मग त्यांनी तसाच प्रोग्राम लिहिला: उरलेली चित्रं एका जागी, मोकळा होईल त्याने पुढचं घ्यायचं. पावणेपाचला फिल्म तयार झाली.

"बाबा, शेवटच्या पाटीवर एक नाव टाकायचं राह्यलं. एकच चित्र आहे."

"टाक."

पण मोकळ्यांच्या रांगेत पहिला होता म्हातारा, आणि ते चित्र त्यानेच उचललं. आठ मिनिटं! मास्तरांचा हात बटणाकडे गेला.

"उचलली ना लाटी त्यानं?" पापडांवरून पुन्हा आत आलेल्या सुलभाताईंनी तो हात धरला. "मंग लाटू द्या."

तिघं पडद्यासमोर उभी राहिली. सात मिनिटं कमी असताना चित्र आलं, रेवतीने जोडलं, आणि दोन मिनिटं राखून फिल्म पुण्याला गेली.

मग सुलभाताईंनी पडद्यावरची पाटी वाचली. 'कॉम्प्युटर : बाबा. कामाची वाटणी : आई.'

"अगं, मी काय केलं?" म्हणत त्यांनी पिठाच्याच हाताने डोळे पुसले.