डोंगरावर राहिलेला फोवांचा डबा

बसा रे मित्रांनो, बसा. त्या सपाट दगडावर बसा, तिथे सावली जास्त वेळ टिकते. पाठीवरच्या बॅगा उतरवा, पाणी प्या. तुमची न्याहरी होईपर्यंत मी तुम्हाला एक गोष्ट सांगतो. इकडेतिकडे काय बघताय? माणूस नाही बोलत. मी बोलतोय, इथे कपारीत, करवंदीच्या जाळीखाली. मी एक जुना जर्मनचा डबा आहे, म्हणजे तुम्ही ज्याला अ‍ॅल्युमिनियम म्हणता ते. कडी वाकलेली, झाकणाला पोचा, आणि पोटावर खिळ्याने कोरलेलं नाव, सिद्धी.

नावाचं नंतर. आधी तुम्ही काय आणलंय ते बघू. पाव आणि केळी? झकास. पावात केळं दाबायचं, वर गूळ चुरायचा, काम झालं. भाजलेले चणे? तेही पोटाला धरून राहतात. आणि चूल नाही पेटवलीत, हे तर फारच बरं केलंत. खाली सगळ्या काजूच्या बागा आहेत. सुक्या गवतात ठिणगी पडली तर कुणाचं वर्षाचं पीक जायचं. माझा मालक कृष्णनाथ हेच सांगायचा. डोंगरावर चूल नाही म्हणजे नाही.

हा कृष्णनाथ खालच्या पाळी गावचा. तेव्हा खाणीच्या वर्कशॉपात फिटर होता. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात त्याने मला उचललं, बोटाने वाजवलं, आत पाणी घालून उलटं धरलं आणि गदागदा हलवलं. एक थेंब बाहेर आला नाही. म्हणाला, "हा चालेल मरे." त्या दिवसापासून मी त्याचा.

आठवडाभर मी खाणीवर जायचो, भात-हुमण घेऊन, म्हणजे भात आणि माशाची आमटी. पण माझा खरा वार रविवार. रविवारी कृष्णनाथ आपल्या लेकीला, सिद्धीला घेऊन हा डोंगर चढायचा. माझ्या पोटात सुके तांबडे फोव, म्हणजे आमच्याकडचे पोहे, आणि गुळाचा खडा. नारळ पिशवीत, अख्खा. तोही आडसर, शहाळ्याहून जरा जून. वर आलं की ह्याच दगडावर तो नारळ फोडायचा. पाणी फोवांवर ओतायचा आणि झाकण लावायचा. फोव फुगेपर्यंत बापलेक खाली खाणीची तांबडी माती बघत बसायचे. मग मऊ खोबरं चमच्याने खरवडून आत मिसळलं की न्याहरी तयार. ना विस्तव, ना भांड्यांचा पसारा.

पहिली मूठ पानावर काढून ठेवायची, डोंगराच्या राखणदाराची. सिद्धी विचारायची, "बाबा, राखणदार खरंच खातो?"

"खातो तर! स्वतः येत नाही, मुंग्यांना पाठवतो."

एका रविवारी तिने हट्ट धरला, तेव्हा त्याने खिळा घेऊन तिचं नाव माझ्यावर कोरलं. मला दुखलं, पण मी अंग चोरलं नाही. आणि एक गोष्ट तो तिला दर खेपेला बजावायचा. "नारळ घरून खवून आणायचा नाही गो बाय. बंद डब्यात उष्म्याने आंबतो."

मग काय, खाण बंद पडली. कृष्णनाथाचा गुडघा धरला. सिद्धी मोठी झाली, पणजीला चष्म्याच्या दुकानात लागली, तिथेच खोली घेतली. मी कपाटावर गेलो. माझ्यात खिळे आले, नटबोल्ट आले. फोवांचा वास गेला, गंजाचा लागला. खाली घरात माणसं बोलायची, ते मला ऐकू यायचं. पण मला कुणी हाक मारली नाही.

आणि गेल्या हिवाळ्यात सिद्धी घरी आली, पणजीच्या मैत्रिणींना घेऊन. सकाळी डोंगर चढायचा बेत होता. कृष्णनाथाने मला खाली काढलं, खिळे ओतून टाकले, राख आणि नारळाचं सोडण घेऊन असं घासलं की मीच मला ओळखेना. संध्याकाळी तो आडोळी, म्हणजे खवणीची विळी, मांडून बसला आणि नारळ खवायला लागला.

त्याची बायको सुमंगला बघतच राहिली. "अहो, आत्ताच खवताय? आंबतो म्हणून जन्मभर तुम्हीच सांगत आलात ना?"

"वर तिला फोडून कोण देणार?" तो मान वर न करता म्हणाला. "माझा गुडघा येतोय का?"

"मग अख्खा द्या. फोडतील त्या पोरी."

"दगडावर हात आपटला म्हणजे? रात्री थंडी आहे, टिकेल."

टिकणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. तरी नारळाचं पाणी आणि खोबरं त्याने माझ्यात फोवांशी कालवलं, आणि झाकण लावून तो माझ्यावर हात ठेवून बसला होता.

सकाळी सिद्धी म्हणाली, "बाबा, आमचं खाणं आहे ओ. ओट्स भिजवलेत बाटल्यांत. बॅगेत जागाच नाही."

"बॅगेत कशाला? हातात घे. कडी कशाला दिलीय त्याला?"

ती हसली आणि मला हातात घेऊन निघाली. कितीतरी वर्षांनी मी ही वाट चढत होतो, मित्रांनो. कडी कुरकुरत होती, पण ते दुखणं नव्हतं.

वर आल्यावर त्यांनी बाटल्या उघडल्या. ओट्स, खजूर, शेंगदाणे. चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? शेवटी सिद्धीने माझं झाकण काढलं.

तिची मैत्रीण तनया मागे सरकली. "शी गो! काय वास हा! तुझ्या बाबांनी दारू गाळलीय की काय ह्यात?"

सगळ्या हसल्या. सिद्धीही हसली, पण डोळे हसले नाहीत. हळूच म्हणाली, "बाबांना विसर पडायला लागलाय. हे मला त्यांनीच शिकवलं होतं." फोव तिने दगडामागे ओतले, बाटलीतल्या पाण्याने मला विसळलं आणि वाळायला इथे कपारीत पालथं घातलं. तेवढ्यात खालून पणजीच्या बसचा हॉर्न ऐकू आला. एकच पळापळ. मी हाक मारली. वाऱ्याने कडी वाजली, एवढंच.

तेव्हापासून मी इथेच. दुपारी तापतो, पहाटे दवाने भिजतो. सरडा येतो, बसतो, जातो. त्या मुंग्या अजून येतात, आत हिंडतात आणि रिकाम्या परत जातात.

एकदा काजू वेचायला बाबली आला, पाळीचाच. मला उचलून त्याने नाव वाचलं आणि स्वतःशीच पुटपुटला, "अरे, हा तर कृष्णनाथाचा डबा! तो तर अख्ख्या वाड्याला सांगत सुटलाय, आपल्या चेडवाने डबा पणजीला नेला म्हणून, रोज त्यातच जेवते म्हणून." थोडी वाट तो मला घेऊन उतरला, मग थांबला. "खाली नेला, तर त्याच्या तोंडाकडे बघायचं कुणी? नाही रे बाबा, माझ्याने नाही व्हायचं." परत येऊन त्याने मला होतं तिथेच ठेवलं, वर करवंदीची फांदी ओढली.

मला सोडून गेले त्याचं काही नाही, मित्रांनो. मी डबा आहे, पडून राहीन. पण तिकडे पणजीला ती पोर समजते की बाप विसरायला लागला. तो विसरला नव्हता. हे तिला सांगणारं कुणी नाही.

तुम्ही पणजीहून आलात ना? मग एवढं करा. जाताना मला न्या. कृष्णनाथाकडे नको, सिद्धीकडे. बसस्टँडच्या मागे चष्म्याचं दुकान आहे, तिथे ती काउंटरला बसते. तिला सांगा, बाबांनी नारळ मुद्दाम खवला होता, वर तुला फोडून द्यायला कुणी नव्हतं म्हणून. आणि सांगा, डबा घरी रिकामा नेऊ नको. सुके फोव घाल, गुळाचा खडा घाल, नारळ अख्खा घे. काजूवाल्यांची जीप अर्ध्या डोंगरापर्यंत येते, बाबांना तिच्यात बसव. तिथेच एखादा दगड बघ आणि नारळ त्यांच्या हातात दे. दुखतो तो गुडघा, हात अजून धड आहेत.

खाऊन झालं ना तुमचं? मग उचला मला.