दुसऱ्या कुणाचा अंगठा

सकाळची भांडी घासून ती उठत होती, तेवढ्यात थोरली जाऊ दारात येऊन उभी राहिली.

"राहू दे गं बाकीचं. धुतलेले कपडे घाल. यांच्याबरोबर कचेरीत जायचंय तुला."

सहा वर्षांत जावेच्या तोंडून 'राहू दे' असं कधी निघालं नव्हतं.

तिचा नवरा सैन्यात होता. तो वारला तेव्हा मुलगी दोन वर्षांची होती. तेव्हापासून ती थोरल्या दिराच्या घरी राबत होती. "सरकारनं दमडी दिली नाही, आम्ही पोसतो म्हणून जगतेस," हे तिला दोन्ही वेळच्या जेवणाबरोबर ऐकवलं जाई. शेजारपाजारच्यांनाही ते ऐकू जाई. कुणी काही विचारत नसे.

वाटेत दीर म्हणाला, "पैसे मिळतात का म्हणून तिथली बाई विचारेल. हो म्हणायचं. बोट टेकवायचं आणि गप्प परत यायचं."

"कसले पैसे, भावजी?"

तो चालता चालता थांबला. "नसत्या चौकशा नकोत. पोरगी आमच्याजवळ आहे, एवढं ध्यानात असू दे."

सैन्याच्या वेतन कचेरीत भिंतीला टेकून जुन्या वह्यांचे ढीग पडले होते. आजवर पगाराची नोंद एका ठिकाणी, शिपायाची दुसऱ्या, कुटुंबाची तिसऱ्या. एकीचा दुसरीशी ताळमेळ नव्हता. वर्षातून एकदा कुणीतरी कागदावर अंगठा उठवून आणायचा, हेडक्लार्क शिक्का मारायचा, की झालं. आता सगळं, कागदांवरचे जुने अंगठेसुद्धा, एकाच संगणकात येत होतं आणि त्यासाठी प्रत्येक विधवेला समक्ष बोलावलं होतं.

"दर महिन्याला निवृत्तिवेतन मिळतं ना?" संगणकावरच्या बाईने विचारलं.

"हो," ती पुटपुटली.

तिने यंत्रावर बोट ठेवलं. पडदा लाल झाला; जुन्या अंगठ्याशी ते जुळत नव्हतं. पुन्हा ठेवलं, पुन्हा लाल.

हेडक्लार्क लगबगीने आला. "अहो, घरकामानं बोटं झिजतात बायकांची. माझ्या सहीवर पुढे ढकला." बोलताना त्याचा डोळा दिराकडे होता आणि कपाळावर घाम होता.

संगणकवाल्या बाईने दोघांकडे पाहिलं. "दादा, तुम्ही बाहेर बाकावर बसा."

"ती घाबरते हो, मी थांबतो."

"नियम आहे. दोघंही बाहेर."

दार लागलं तशी बाईने पडदा तिच्याकडे फिरवला. नवऱ्याचं अक्षर! 'माझ्या पश्चात सर्व काही माझ्या पत्नीला मिळावे.' खाली ओळीने, दर वर्षाचा एक, असे सहा अंगठे होते.

"हे तुमचेच ना?"

तिने मान हलवली. "मी अंगठा लावत नाही, ताई. मला लिहिता येतं."

बोलून गेली आणि तिने बंद दाराकडे पाहिलं. मुलगी घरी होती. पण हो म्हणून परत गेली, तर आठ वर्षांच्या त्या पोरीलाही उद्या हेच ऐकत जगायचं होतं. हल्लीच ती विचारत होती, 'आई, आपण फुकटे आहोत का?'

"एक पैसा मिळालेला नाही मला," ती म्हणाली. "हवं तिथे लिहून देते. पण त्यांना आधी अडवा. घरी कळलं तर माझ्या पोरीचं काही खरं नाही."

बाईने दार उघडलं. बाक रिकामा होता.

पुढची पंधरा मिनिटं तिला जन्मभर विसरता येणार नव्हती. कचेरीच्या गाडीत एक अधिकारी, संगणकवाली बाई आणि ती. प्रत्येक वळणावर तिला वाटे, उशीर झाला. देवाचं नावसुद्धा तिला नीट घेता येईना.

घरासमोर रिक्षा उभी होती. दीर पिशवी चढवत होता. जावेने पोरीचं मनगट आवळून धरलं होतं.

"आत्याकडे पाठवतोय चार दिवस," जाऊ म्हणाली.

"हात सोडा तिचा," ती ओरडली. स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. पोर येऊन तिच्या कमरेला बिलगली.

हेडक्लार्क निलंबित झाला. दिरावर खटला उभा राहिला. निवृत्तिवेतन तिच्या हाती येऊ लागलं आणि तिला एक खोली मिळाली. पण जिन्यात पावलं वाजली, की अजूनही ती कडी तपासते.

त्या महिन्यात एकेचाळीस जणींची बोटं जुळली नाहीत. 'यंत्राचा दोष समजून प्रकरणं निकाली काढा,' असा वरून निरोप आला. संगणकवाल्या बाईने साफ नकार दिला. "यंत्र फक्त अडतं. विचारायला माणसालाच जावं लागतं," असं म्हणून ती यादी घेऊन निघाली आणि तिने हिलाही सोबत घेतलं.

पहिल्याच दारात एक धिप्पाड पुरुष आडवा उभा राहिला. "आमच्या घरचा मामला आहे. तिला काही त्रास नाही."

तिला आपला दीर आठवला. पळून जावंसं वाटलं. ती जागची हलली नाही.

"मग त्यांना बाहेर बोलवा," ती म्हणाली. "त्या स्वतः सांगेपर्यंत आम्ही थांबतो."