खाडीवरची लेव्हल

मित्रांनो, मी एक जुनी पितळी लेव्हल आहे, आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते: मला सगळं जग उलटं दिसतं. माणसं डोक्यावर चालतात, समुद्र वर आणि ढग खाली. यात माझा काही दोष नाही. आमच्या काळच्या दुर्बिणी अशाच घडवलेल्या होत्या. रस्ता, पूल, कालवा बांधायचा असला की कुठली जमीन किती उंच आणि किती सखल हे माझ्या भिंगातून पाहून ठरवतात. समोर एक माणूस आकड्यांची उंच पट्टी धरून उभा राहतो आणि इंजिनियर माझ्यातून तो आकडा वाचतात.

माझा जन्म विलायतेतला. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिरानं माझ्या भिंगाआड कोळ्याच्या जाळ्याचा धागा ताणून बसवला, कारण तेवढा बारीक आणि तेवढा चिवट धागा माणसाला कातता येत नाही. मग मी पेटीत बसून जहाजानं मद्रासला आले आणि चेपॉकच्या सरकारी भांडारात माझ्या अंगावर नंबर कोरला गेला. पुष्कळ हातांतून फिरले. कुणी मला धड पुसलं नाही, कुणी स्क्रू पिळून पिळून रडकुंडीला आणलं. शेवटी स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी मी रस्ते खात्याच्या नागोजीरावांच्या हाती लागले, आणि माझं नशीब उघडलं.

नागोजीराव तंजावरकडचे मराठे. बाहेर तमिळ बोलत, घरी आपली जुनी मराठी. त्यांच्या घराण्यात खंडेनवमीला तलवारी पूजेला मांडायची चाल होती. तलवारी केव्हाच गेल्या, पण चाल राहिली. मद्रासला त्याच दिवशी आयुधपूजा असते. मग नागोजीराव मला ट्रिप्लिकेनच्या घरी न्यायचे, पाटावर बसवायचे, चंदन-कुंकू लावायचे. त्या दिवशी हत्याराला विश्रांती. झाकणसुद्धा काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पुनःपूजा झाली की मगच मला हात लावायचा आणि थोडं तरी काम करायचं, असा त्यांचा नेम.

त्यांच्या पत्नी राजसबाई पूजेचं ताट घेऊन यायच्या आणि माझ्याकडे पाहून म्हणायच्या, "या बसल्या बघा माझ्या सवतबाई. वर्षभर नवरा यांचा, आज चंदनही यांनाच."

"अग, सरकारी वस्तू ती," नागोजीराव हसून म्हणायचे.

"मी खाजगी, म्हणून मज कोण पाहतें?"

थट्टाच होती ती. निदान मला तशी वाटायची.

नागोजीरावांनी माझ्याकडून पुष्कळ कामं करून घेतली. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांचा रस्ता आम्ही आखला. गावोगावच्या लहान मोऱ्या बांधल्या, ज्यांची नावंही कुणाला ठाऊक नसतील. पण माझा जीव अडकला तो मद्रासच्या दक्षिणेच्या केळंबाक्कमहून समुद्रकाठच्या कोवलमला जाणाऱ्या रस्त्यात. मध्ये मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. कोवलमच्या कोळणी मासळीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून यायच्या. भरती असली की बसून राहायच्या, आणि मासळी उन्हात नासायची.

तिथं बांध घालून पूल करायचं ठरलं. पट्टी धरायला सुब्बा नावाचा एक शिडशिडीत माणूस होता. चिखलात मांडीपर्यंत रुतला तरी पट्टी तिरकी होऊ द्यायचा नाही. माझ्या भिंगात तो आकाशातून लोंबकळल्यासारखा दिसे आणि त्याच्या पायांवर मिठागरं चकाकत. नागोजीराव एका डोळ्यानं मला लागून तासन्‌तास उभे असत. त्यांच्या घामाचा खारट वास मला अजून आठवतो. आठवतो म्हणण्यापेक्षा, तो माझ्या पितळेत मुरला आहे.

बांध किती उंच घालायचा यावरून वाद झाला. एक वरिष्ठ साहेब मद्रासला पंख्याखाली बसून म्हणत होते, एवढी उंची कशाला, माती काय फुकट येते? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. नागोजीरावांनी खाडीच्या काठाच्या झाडांवरच्या जुन्या पुराच्या खुणा माझ्यातून वाचल्या होत्या. ते मागे हटले नाहीत. त्या पायी त्यांची बढती लांबली, आणि मुक्कामही लांबला. थोरल्या मुलीच्या बारशालासुद्धा ते खाडीवरच होते. राजसबाईंनी निरोप धाडला तो एवढाच: नाव मी ठेविलें आहे, तुम्ही पूल ठेवा.

पूल झाला. पुढे कार्तिकात वादळ आलं, आसपासची गावं पाण्यात गेली, पण बांध कोरडा राहिला आणि सगळं कोवलम त्या बांधावर येऊन बसलं. पाणी ओसरल्यावर एका कोळणीनं नागोजीरावांच्या हातात भलंमोठं वंजरम, म्हणजे आपली सुरमई, ठेवलं आणि टोपली उचलून निघून गेली. तो मासा ते बसमधून घरी घेऊन गेले. पूल झाल्यामुळे आता बस येत होती ना.

मग वर्षं सरली आणि नागोजीराव निवृत्त झाले. खात्यानं मोठा सत्कार केला. टेबलावर शोभेला म्हणून मलाही ठेवलं, मला हार घातला, पण माझ्या भिंगावरची टोपी काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे त्यांचा सत्कार मी ऐकला, पाहिला नाही. शाल दिली, चंदनाचा हार दिला, उंच समई दिली. कामांची यादी वाचून दाखवली. टाळ्या खूप झाल्या. मला फार अभिमान वाटला. शेवटी मुख्य साहेब म्हणाले, "राव, आणखी काही इच्छा असेल तर सांगा."

नागोजीरावांचा हात माझ्या पाठीवर आला आणि तिथंच थांबला. मला वाटलं, आता म्हणतील, हिला माझ्याबरोबर पाठवा. पण ते साहेबांना म्हणाले, "काही नाही, सार. सगळं मिळालं."

सरकारी वस्तू कुणाला देत नाहीत, आणि हा नियम त्यांनीच इतरांना शिकवलेला.

त्याच सुमारास नव्या लेव्हली आल्या. त्यांना जग सरळ दिसतं. नव्याचे नऊ दिवस, म्हणून मी मनाची समजूत घातली, पण नऊ दिवस संपले तरी मला कुणी बोलावलं नाही. मी भांडारातल्या काचेच्या कपाटात जाऊन बसले. समोर टोपीआडचा अंधार. उलटा काय आणि सुलटा काय, अंधार तो अंधारच.

वर्षातून एकच दिवस ते कपाट उघडे. आयुधपूजेला भांडार सगळ्यांसाठी खुलं असतं, सगळी हत्यारं मांडतात, चुरमुरे आणि हरभऱ्याचं सुंडल वाटतात. त्या दिवशी नागोजीराव यायचे. धोतराची सळसळ आणि चंदनाचा वास आला की मी ओळखायचे. माझं अंग पुसायचे, माझ्या काचनळीतला बुडबुडा मध्ये येतो का, म्हणजे मी समपातळीत आहे का, बघायचे, कपाळाला लावावं तसं चंदन लावायचे. त्यांची बोटं माझ्या टोपीवर रेंगाळायची. राव, टोपी काढा, एकदाच बघा, असं मी मनातून ओरडायचे. पण तो विश्रांतीचा दिवस! ज्या दिवशी आम्ही भेटायचो, त्याच दिवशी त्यांना माझ्यातून पाहता येत नव्हतं. इतर दिवशी निवृत्त माणूस भांडारात परका, आणि दसऱ्याला भांडार बंद. भांडारपाल गुरुमूर्ती तेवढा एकटा येऊन पुनःपूजा करायचा, एखादं हत्यार हलवल्यासारखं करायचा आणि कुलूप लावून जायचा. विचारलं असतं तर गुरुमूर्ती नाही म्हणाला नसता. पण नागोजीराव मागणारे नव्हते. बरीच वर्षं अशीच गेली.

एका आयुधपूजेला राजसबाई बरोबर आल्या. नवरा माझ्यापाशी उभा राहून काय करतो हे त्यांनी पाहिलं. टोपीवर थांबलेली बोटं पाहिली. मग त्या सरळ गुरुमूर्तीकडे गेल्या आणि तमिळमध्ये विचारलं, "उद्या पुनःपूजा झाल्यावर पहिलं काम कोण करतं?"

"मीच, अम्मा. नावापुरतं."

"उद्या यांना करू दे."

"राजसा, नियम आहे," नागोजीराव मागून मराठीत पुटपुटले.

"नियम तुमचा. मी कधीं कोठें सही केली?"

गुरुमूर्ती हसला. "या, सार. सकाळी या. मला सांगायला लाज वाटत होती, पण मला हिचे स्क्रूसुद्धा नीट लावता येत नाहीत."

दसऱ्याच्या सकाळी मला अंगणात आणलं. तिवईवर बसवलं. नागोजीरावांचे हात सवयीनं स्क्रूंवर गेले. बुडबुडा मध्ये आला. मग प्रश्न पडला, पट्टी कोण धरणार? सुब्बा केव्हाच आपल्या गावी गेला होता, शिपाई सणाच्या सुट्टीवर, आणि गुरुमूर्ती पेन्सिल घेऊन आकडा लिहायला बसलेला.

"मी धरतें," राजसबाई म्हणाल्या. "काठीच ना ती?"

त्या कडुनिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या. नागोजीरावांनी टोपी काढली. इतक्या वर्षांनी माझ्या डोळ्यात उजेड शिरला, आणि त्या उजेडात राजसबाई होत्या. उलट्या, झाडासकट: नऊवारीचा पदर खोचलेला, दोन्ही हातांनी पट्टी धरलेली आणि सरकारी काम म्हणून चेहरा अगदी गंभीर. मी इतकी माणसं पाहिली, इतक्या खाड्या आणि गावं पाहिली, पण ज्या बाईच्या वाटणीचा नवरा मी पळवला ती मला भिंगातून आजच दिसली. केस पिकलेले होते. आमच्या खाडीच्या दिवसांत ते काळेच असणार. ते कुणी पाहिले?

"रीडिंग, सार?" गुरुमूर्तीनं विचारलं.

"थांबा."

गुरुमूर्ती थांबला. पुन्हा म्हणाला, "सार?"

"थांबा हो जरा."

राजसबाईंचे हात भरून आले असावेत. त्यांनी तिथूनच विचारलं, "किती आलें?"

"अजून पाहतों आहे," नागोजीराव म्हणाले.

त्यांनी मला डोळा इतका घट्ट लावला होता की माझं भिंग ओलं झालं. आकडा त्यांनी वाचला नाही, आणि गुरुमूर्तीनं पेन्सिल खाली ठेवली.

त्यानंतर ते आले नाहीत. पाहायचं होतं ते पाहून झालं असेल, अशी मी स्वतःची समजूत घालते. पण आयुधपूजा आली की कुणाच्या चपला वाजल्या तरी माझा बुडबुडा हलतो.

मित्रांनो, तुम्ही कोवलमला जाल तेव्हा बांधावरून जाताना क्षणभर खाली उतरा. तो कुणी बांधला हे तिथं कुठं लिहिलेलं नाही, म्हणून मी सांगितलं. आणि तुमच्या शाळेत, कचेरीत, घरात माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल तर त्याला काचेत ठेवा, चंदन लावा, काही हरकत नाही. पण वर्षातून एकदा तरी त्याची टोपी काढा, आणि त्याच्यासमोर आपल्या घरचं माणूस उभं करा.