वेरोनिकेच्या गालावरचा तीळ

ओटिलीच्या उजव्या गालावर तीळ आहे, माझ्या डाव्या. आम्हा दोघींत साम्य तेवढंच, बाकी ती कुठे नि मी कुठे! ती भट्टीवाली विधवा, रोज सकाळी पाव द्यायच्या निमित्ताने आमच्या दारात हजर. "कोर्बिनियान, जरा खात जा रे, किती वाळलास!" माझ्या नवऱ्याला! माझ्यादेखत!

त्या हिवाळ्यात कोर्बिनियान क्रूसाच्या वाटेच्या पुस्तकासाठी लाकडी ठसे कोरत होता. एक चित्र संत वेरोनिकेचं. क्रूस वाहणाऱ्या येशूचं तोंड तिने पुसलं नि तिच्या कापडावर त्याचा चेहरा उमटला. "जगातला पहिला छाप तिचा," कोर्बिनियान म्हणायचा. पण तिचाच ठसा मला दाखवेना. मी जवळ गेले की वर फडकं टाकायचा.

एका दुपारी तो शाई आणायला गेला नि मी फडकं उचललं. नखाएवढा चेहरा, उजव्या गालावर तीळ. अंगाची नुसती लाहीलाही झाली. "सटवे, संतीण झालीस होय गं?" म्हणत मी कोरणीने तो चेहरा पार खरवडून काढला.

कोर्बिनियान आला, ठसा बघितला, पण ओरडला नाही. कपाटातून आदल्या दिवशी काढलेला छाप आणून त्याने माझ्यापुढे धरला. कागदावर तीळ डाव्या गालावर होता.

"ठसा उलटा कोरतात, वाल्बुर्गा. लग्न झाल्यापासून शाई तूच लावतेस ना?"

"मग आधी बोलायला काय झालं होतं तुला?"

"तुझ्या नामदिनाला, तुझ्या नावाच्या संतिणीच्या सणाला, दाखवणार होतो."

पुस्तक छापून घेणारे चर्चचे फादर दुसऱ्या दिवशी सकाळीच ठसा न्यायला येणार होते. कोर्बिनियानने चेहऱ्याच्या जागी भोक पाडलं, नव्या लाकडाची खुंटी ठोकून सपाट घासली नि मला खिडकीशी बसवलं. "हलू नकोस. रडूही नकोस." उजेड जायच्या आत संपवायचं म्हणून समोर दिसेल तसंच तो भराभर कोरत गेला. उलटं करायचं त्याला भान राहिलं नाही. मला तरी कुठलं राहणार? इतका वेळ तो माझ्याकडे कधी बघत बसला होता!

ईस्टरआधीच्या उपासकाळात पुस्तक आलं. ओटिली एका हाताने ते छातीशी धरून, दुसऱ्या हातात पाव घेऊन धावतच आली, डोळ्यांत पाणी. "अगं वाल्बुर्गा, उजव्या गालावर तीळ! सगळं गाव म्हणतंय, ही मीच म्हणून. मला मेलीला कोण विचारतं गं एरवी! कोर्बिनियानला सांग, देव त्याचं भलं करो."

कोर्बिनियानने मान वर केली नाही. मी तिच्या हातून पाव घेतले.

"सांगते," म्हटलं.