हळदीची परवानगी

सुकापूरच्या दयारामने मुलाच्या हळदीला सोळा स्पीकरांचा ट्रक आणून गल्लीत आडवा लावला, कारण चुलत भावाच्या घरी बारा होते. घराण्याची अब्रू स्पीकरांवर मोजायची, हे शहाणपण या गावाला कोणी शिकवलं कोण जाणे. समोरच्या पहिल्या मजल्यावर बुधाजी होता, हृदयाचं दुखणं काढून चार दिवसांपूर्वीच इस्पितळातून घरी आलेला. त्याची बायको शोभा सकाळी येऊन हात जोडून गेली, तेव्हा दयारामने तिच्यापुढे परवानगीचा कागद धरला. रात्री दहापर्यंत वाजवायची मुभा होती म्हणे. दहाच्या आधी माणसाला काळीजच नसतं, असा त्या कागदाचा अर्थ या शहाण्याने लावला होता.

धवलारीण ठमाबाई दुपारी चारला आली. तिने धवला, म्हणजे लग्नाचं पारंपरिक गाणं, म्हटल्याशिवाय इथल्या आगरी घरांत नवऱ्या मुलाला हळद लागत नसे. शोभा तिच्याकडेही रडून गेली होती. मांडवात ठमाबाईला स्वतःचाच आवाज ऐकू येईना, तशी तिने हळदीची वाटी खाली ठेवली.

"दहापरयंत सरकारची परवानगी हाय," ती दयारामच्या कानाशी म्हणाली. "हलदीला माजी लागते. ती नाय."

दयारामने नऊवारीचं आमिष दाखवलं, मग दम भरला. म्हातारी हलेना आणि तिच्याशिवाय बायका हळदीला हात लावीनात. अखेर धवल्यापुरतं बंद करा, असं त्याने मोठे उपकार केल्यासारखं सांगितलं.

ट्रक गप्प झाला आणि साऱ्या मांडवाला वरून शोभाची हाक ऐकू आली. ती पाव तास खिडकीतून ओरडत होती. बुधाजीला एकटं टाकून खाली उतरायचा तिला धीर नव्हता आणि तिने केलेले फोन कोणाला ऐकू गेले नव्हते.

सगळ्यांत आधी ठमाबाई धावली. पोरांनी बुधाजीला खुर्चीत घालून खाली आणलं, पण रिक्षा आत येईना. आडवा ट्रक निघेपर्यंत बुधाजी गेला.

सुकापूरने यातून धडा घेतला तो असा: पुढच्या दोन हळदींना लोकांनी ठमाबाईला बोलावणंच टाळलं आणि धवले मोबाइलवरून स्पीकरला लावले. तिसऱ्या हळदीला ती न बोलावता गेली. बरोबर शोभा होती. ट्रक गल्लीत वळत होता, तेव्हा दोघी त्याच्यापुढे रस्त्यात फतकल मारून बसल्या आणि हॉर्न वाजत राहिला तरी उठल्या नाहीत.