कारण दाखव, चावी घे

व्हर्न हॉस्किनची गाडी हायवेच्या तोंडाशी बंद पडली आणि उजवीकडून रोड ट्रेन, म्हणजे मागे तीन डबे जोडलेला अवाढव्य ट्रक, येत होती, हे रोवनला वडिलांनी सांगितलंच नाही. शेजारच्या नोलाने फोन केला म्हणून कळलं. ती गाडीतच होती.

"ट्रकवाल्याने हॉर्न दिला तो अजून कानात वाजतोय," ती म्हणाली. "तुझा बाप शांत. म्हणतो, थांब गं, सुरू होईल. झाली सुरू, पण तोवर माझं अर्धं आयुष्य गेलं."

रोवन ॲडलेडला वॉशिंग मशीन दुरुस्त करायचा. शुक्रवारी काम लवकर आटोपून तो निघाला. वाटेत ऑगस्टा शहरात थांबून इंजिन साफ करायच्या स्प्रेचे दोन-तीन डबे घेतले आणि अंधार पडायच्या आत बापाच्या गावी, कॅरिंगाला पोचला. मनाशी ठरवून आला होता, या वेळी चावी घ्यायचीच. बाप एकोणऐंशीचा झाला होता. हल्ली फोनवर एकच गोष्ट दोनदा सांगायचा. पण तसं तर सगळेच म्हातारे करतात.

शनिवारी सकाळी चहा पिताना त्याने विषय काढला.

"डॅड, चावी दे."

"कुठे जायचंय तुला?"

"कुठे नाही. माझ्याकडे राहू दे, असं म्हणतोय."

व्हर्नने टोस्टला लोणी लावायचं थांबवलं नाही. चाळीस वर्षं त्याने रोड ट्रेन चालवल्या होत्या, शेवटची दहा वर्षं तर ट्रकच्या यार्डाचा मुकादम होता. "मी लोकांच्या चाव्या काढून घेतल्यात पोरा," तो म्हणाला. "दारू प्यायलेल्यांच्या, झोप न झालेल्यांच्या. एक जण होता, तोच नट परत परत आवळत बसायचा, त्याचीही घेतली. पण आधी कारण दाखवायचो. तुझ्याकडे काय कारण आहे?"

"हायवेवर गाडी बंद पाडलीस."

"मी पाडली? ऑटोमॅटिक आहे ती, क्लचच नाही. ऑटोमॅटिक गाडी माणसाला बंद पाडता येत नाही, हे तुझ्या आईलासुद्धा माहीत होतं." त्याने चावी टेबलावर ठेवली, दोघांच्या बरोबर मधे. "गाडीत दोष निघाला तर ही माझी. नाही निघाला तर तुझी. कारण दाखव, चावी घे."

रोवनला हे पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. बापाशी भांडण्यापेक्षा गाडीशी भांडणं सोपं होतं.

गाडी जुनी होती, पण बिघाड वाचणारा स्कॅनर लावता येईल इतपत नवी. पत्र्याच्या शेडमधे, कोपऱ्यातल्या तेलाच्या रिकाम्या बाटल्या पायाने बाजूला सारून, त्याने बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू केलं. सुरुवातीला ठीक. मग इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा खाली यायला लागला, परत वर, परत खाली. दम्याच्या माणसाने जिना चढावा तसं इंजिन धापा टाकत होतं. शेवटी एक गचका आणि शांतता.

"बघ," व्हर्न खुर्चीवरून म्हणाला. "मी तर इथे बसलोय. पाय पण लागला नाही माझा."

नोला कुंपणापलीकडून डोकावली. "काय रे, सापडलं का? का तुझ्या बापाचाच सेन्सर गेलाय?"

"तुझा तर कधी बसवलाच नव्हता," व्हर्न म्हणाला.

"मी चालवते म्हटलं तर चालवू देत नाही. क्लबात बोल्सचा सामना आहे आज, आणि याची गाडी पोट उघडून पडलीय."

"तू चालवलीस तर चालत जाणारे आपल्याआधी पोचतील."

रोवन हसला आणि कामाला लागला. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. रात्री जागून व्हिडिओ बघत, स्वतःची एक खटारा गाडी वाचवता वाचवता तो शिकला होता. आधी आयडलचा, म्हणजे उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवणारा व्हॉल्व्ह काढून साफ केला. काजळी निघाली, फरक शून्य. मग रबरी नळ्या. कुठे चीर पडून हवा आत शिरत असेल तर इंजिनाचा आवाज बदलतो. प्रत्येक जोडावर स्प्रे मारून कान लावला. काही नाही. स्कॅनर एकच गाणं गात होता, पेट्रोल कमी पडतंय.

दुपार झाली. रोवनच्या मनात एक चोरटा विचार येऊन गेला, काहीच नाही सापडलं तर बरं. चावी घ्यायची आणि निघायचं. त्याची त्यालाच लाज वाटली. त्याने हवेची मोठी नळी सोडवली आणि त्यातला सेन्सर बाहेर काढला.

आत केसासारखी एक तार असते. ती गरम राहते, आत येणारी हवा तिला गार करते, आणि किती गार झाली त्यावरून गाडी ठरवते की पेट्रोल किती सोडायचं. ती तार दिसतच नव्हती. वर तेलाचा थर, त्यावर लाल धूळ, सगळं मिळून पेंड झालं होतं. अंगावर गोधडी घेतलेल्याला वारा कळणार कसा. हवा भरपूर, पण सेन्सर सांगतो थोडीच आहे, मग पेट्रोलही थोडंच. वेगात कसंबसं निभतं, थांबलं की जीव जातो.

"डॅड, इकडे ये."

व्हर्नने चष्मा वर करून पाहिलं. "हे काय आहे?"

"तेल. हवेच्या फिल्टरमधून ओढलं गेलंय. तू फिल्टरला तेल लावतोस ना?"

"लावणारच. इथली धूळ पाहिलीस? ट्रकमधे तर फिल्टर तेलाच्या वाटीतच बसवायचो. धुळीला तेलच पकडतं."

"ट्रकमधे हा सेन्सर नव्हता."

म्हाताऱ्याने सेन्सर उजेडात धरून पाहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. "म्हणजे दोष गाडीत आहे."

"गाडीत आहे," रोवन म्हणाला, आणि आपल्याला किती आनंद झालाय ते त्याचं त्यालाच कळलं.

फिल्टर काढला तर कापडातून तेल ठिबकत होतं. जरा जास्तच. रोवनच्या ते लक्षात आलं, पण थांबला नाही. साबणाच्या पाण्याने फिल्टर धुऊन त्याने कपड्यांच्या दोरीवर अडकवला. तिकडच्या उन्हात ओलं फार वेळ टिकत नाही. तोवर त्याने सेन्सरवर स्प्रे मारून तार उघडी केली, सुकू दिली, सेन्सर जागेवर बसवला. बॅटरीची वायर काढून गाडीच्या कॉम्प्युटरला जुना हिशोब विसरायला लावला. वारा पडला होता, म्हणून फिल्टर न लावताच मिनिटभर इंजिन चालवून बघितलं. काटा एका जागी येऊन बसला. हलला नाही. इंजिनावर ठेवलेला पाना सुद्धा खडखडला नाही.

त्याने चावी काढून बापाच्या हातावर ठेवली. "जिंकलास."

"मी सांगितलं होतं." व्हर्न उठला, दोरीवरचा वाळलेला फिल्टर घेऊन बाकावर बसला. बाटलीतून थेंब थेंब तेल, कापडाच्या प्रत्येक घडीवर, अगदी मोजून. हात जराही थरथरत नव्हते. "बघून ठेव. एवढंच लावायचं. जास्त लावलं तर वाट लागते, आजच कळलं."

रोवन हात धुवायला आत गेला. केटल ठेवली, बिस्किटं शोधली, दोन कप भरले. जाळीचं दार पायाने ढकलून बाहेर आला.

व्हर्न बाकावरच होता. फिल्टर मांडीवर, बाटली उलटी. तेल घड्यांमधून उतरून त्याच्या पँटवर सांडत होतं.

"डॅड, काय करतोयस?"

"तेल लावतोय. धुतलास आणि कोरडाच ठेवून गेलास. काय तरी शिकवलं होतं की नाही तुला."

रोवनने कप खाली ठेवले. एकदम त्याला सगळं कळलं. शेडच्या कोपऱ्यातल्या त्याच तेलाच्या रिकाम्या बाटल्या, ठिबकणारा फिल्टर, तारेवरची पेंड. म्हातारा ट्रकच्या सवयीने तेल लावत होता हे खरं. पण लावलंय, हे विसरून परत लावत होता. आणि परत.

गप्प बसता आलं असतं. फिल्टर पुन्हा धुवायचा, कागदाचा नवा आणून बसवायचा, तेलाच्या बाटल्या डिकीत टाकून निघून जायचं. गाडी बंद पडली नसती. पण एखाद्या दिवशी घरातला गॅस चालू राहिला असता, नाहीतर लाल सिग्नल दिसूनही विसरला गेला असता. रोवन बापाच्या शेजारी बसला.

"तू आत्ताच लावलं होतंस."

"कधी?"

"मी आत जायच्या आधी. मला दाखवत होतास, एवढंच लावायचं म्हणून."

व्हर्नने त्याच्याकडे पाहिलं. थट्टा आहे का ते शोधत होता. मग मांडीवर पाहिलं. अंगठ्याने फिल्टर दाबला, तेल बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. बराच वेळ तो त्या हाताकडेच बघत राहिला. पलीकडे नोलाच्या कोंबड्या कुरकुरत होत्या.

"हायवेवर पण," तो हळू म्हणाला. "गाडी बंद पडली ते खरंच. पण सुरू झाल्यावर मला क्षणभर कळेना, डावीकडे जायचंय की उजवीकडे. नोलाला नाही सांगितलं."

 रोवनने चिंधी पुढे केली. म्हाताऱ्याने एक एक बोट पुसलं, सावकाश, मग खिशात हात घालून चावी काढली.

"दाखवलंस कारण," तो म्हणाला.

"डॅड, आपण आधी ऑगस्टाला डॉक्टरकडे जाऊ. काय म्हणतात बघू. कदाचित—"

"जाऊ. त्याला जे म्हणायचंय ते म्हणू दे. मी यार्डात डॉक्टरला विचारून चाव्या नाही घेतल्या." त्याने चावी रोवनच्या हातात दाबली, मग कुंपणाकडे तोंड करून आवाज दिला. "नोला. लायसन्स आहे ना अजून तुझं?"

"तुझ्यापेक्षा नवं आहे."

"पुढच्या शनिवारपासून तू चालवायची. गाडी माझी, पेट्रोल माझं, शिव्या पण माझ्या."

नोलाने आधी रोवनकडे पाहिलं, मग व्हर्नच्या तेलकट पँटकडे. तिने काही विचारलं नाही. "बरं," ती म्हणाली. "रेडिओवर काय लावायचं ते मात्र माझं."

रोवनने कोपऱ्यावरच्या गॅरेजमधून कागदाचा फिल्टर आणला, ज्याला तेल लागत नाही, आणि बसवला. तेलाच्या बाटल्या व्हर्नने स्वतःच पेटीत भरून दिल्या. "घेऊन जा. इथे राहिल्या तर मी लावणारच कुठेतरी."

मग एक फेरी मारून बघायला तो गाडीकडे गेला. सवयीने उजव्या दाराशी थांबला, हँडलवर हात ठेवला. रोवनने मान वळवून उगाच बॉनेटचा खटका तपासला. पावलं गाडीला वळसा घालून गेली. डावं दार उघडलं, मिटलं.

हायवेच्या तोंडाशी रोवन थांबला. एक रोड ट्रेन जायची होती. इंजिन चालू होतं, काटा जागच्या जागी, आवाज इतका हलका की कान द्यावा लागत होता.

"ऐकतोयस?" व्हर्न म्हणाला. "शिवणयंत्रासारखी चालतेय."

रोड ट्रेन लाल धूळ उडवत समोरून गेली. स्टिअरिंग हातात नव्हतं, तरी म्हाताऱ्याने गुडघ्यावरचं एक बोट उचलून ड्रायव्हरला सलाम केला, आणि वरून त्या ड्रायव्हरनेही बोट उचललं.

"कुठे जायचं, डॅड?"

"उजवीकडे," व्हर्न म्हणाला. मग थोडं थांबून, "उजवीकडेच ना?"

"हो," रोवन म्हणाला, आणि गाडी उजवीकडे घेतली.