तापीकाठचा बोलका डबा

पुण्याच्या कंपनीत रुचिका पंपाच्या कंट्रोलरची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायची. चाचणीचा पहिला डबा तिने हौसेने आपल्याच गावी, प्रकाशाला, तापीकाठच्या सामाईक मोटरीवर बसवला. लेकीची करामत म्हणून दोधूआप्पांनी सगळ्या भागीदारांना चहा पाजला.

डब्यातल्या प्रत्येक संदेशाला पातळी असते. सगळ्यात वर आणीबाणी, सगळ्यात तळाला डिबग. इशारा किंवा त्याहून वरचं काही आलं की डबा ठणाणा करायचा. खालचं मुकाट आत नोंदून ठेवायचा. मोटर बंद करणं मात्र त्याच्या हातात नव्हतं, तो फक्त सांगायचा. आणि सांगत तर होताच. नदीतल्या पाइपाच्या तोंडाशी, फुटव्हॉल्व्हमध्ये गाळ अडकला होता, पाणी कमी चढत होतं. पण गाळ काढायला नदीत उतरणार कोण? त्यापेक्षा हसणं सोपं.

"दोधू, डब्बा तुन्ही पोरसारखाच शे," भागीदार हेमकांत पारावर सगळ्यांसमोर म्हणाला. "गप बसाले तयारच नही!"

आप्पांना ते फार लागलं. घरी येताच त्यांनी पुण्याला फोन लावला.

"बाई, त्याले गप कर. चार लोकमा मन्ही इज्जत जाई ऱ्हायनी."

"आप्पा, तो खरं सांगी ऱ्हायना."

"खरं ऱ्हाऊ दे. पन धीरे बोलाले काय व्हस?"

रुचिकाला संताप आला. पण बापाचा पडलेला आवाज ऐकून ती विरघळली. कोडमध्ये 'पाणी कमी' या संदेशापुढचा एकच शब्द तिने बदलला, इशाऱ्याच्या जागी डिबग, आणि अपडेट पाठवून दिलं. गावात सगळ्यांना बरं वाटलं.

ऐन मे महिन्यात मोटर कोरडी फिरून जळाली. दुसरी येईपर्यंत घडावर आलेल्या केळींनी माना टाकल्या. रुचिका तातडीने गावी आली, डब्याला लॅपटॉप जोडला. आत एकच ओळ खालपर्यंत उतरत गेलेली: पाणी कमी, पाणी कमी, पाणी कमी. मोटर जळेपर्यंत तो बिचारा आतल्या आत सांगत होता. तिला ते बघवेना.

भोवती भागीदार जमले होते. "आते कसा काय गप बसना तुन्हा डब्बा?" हेमकांतने आप्पांना डिवचलं.

आप्पा सगळ्यांदेखत लेकीवर उखडले. "इतलं शिकनी तू, आनि येळवर याले एक सबद बोलता उना नही?"

रुचिकाच्या डोळ्यांत रागाने पाणी आलं. "आप्पा, त्याले गप कर म्हनीसन तुम्हीच सांगेल व्हतं ना!"

आप्पांनी हेमकांतकडे पाहिलं, मग बाकीच्यांकडे. तिच्याजवळ सरकून ते दात आवळत म्हणाले, "धीरे बोल."